एक वेचा अजून

नयन गावंडेला आळशी म्हणणारा माणूस पिंपरखेड्यात शोधून सापडला नसता. यवतमाळहून आर्णीकडे जाताना फाट्यावर उतरून आत चालत गेलं की हे गाव लागतं. सकाळी मोटरसायकलला पिशव्या अडकवून निघालेला, दुपारी कोणाच्या तरी वावरात बोंडं फोडत बसलेला आणि संध्याकाळी धुळीनं भुरा होऊन परतणारा नयन गाव वर्षानुवर्षं पाहत होतं. गाव त्याला 'डॉक्टर' म्हणे. पीएचडी अजून व्हायची होती, पण पदवी हातात पडेपर्यंत थांबायला गावाला कुठे वेळ असतो? नयन मात्र ते नाव ऐकलं की विषय बदलायचा.

त्याचा विषय होता गुलाबी बोंडअळी. ही अळी बोंडाच्या आत शिरते आणि आतल्या आत सरकी खाते. बाहेरून बोंड चांगलं टपोरं दिसतं, फोडल्यावर कळतं की आत काही उरलेलं नाही. कापसाचा हंगाम डिसेंबरात संपवून पऱ्हाटी, म्हणजे कापसाची झाडं, उपटली, तर अळीची उपासमार होते. पण आपल्याकडे विहिरीला पाणी असलं की माणसाला मोह सुटतो. एखादं पाणी द्यायचं, पऱ्हाटी उभीच ठेवायची आणि होळीपर्यंत आणखी एकदोन वेचे, म्हणजे कापूस वेचायच्या फेऱ्या, काढायचे. याला म्हणतात फरदड. त्या फरदडीवर अळी मजेत जगते आणि पुढच्या वर्षी सगळ्या शिवाराला भोवते. नयननं काही उपटणारी आणि काही न उपटणारी गावं निवडली होती, तिथे या अळीचे पतंग मादीच्या वासानं पकडणारे कामगंध सापळे लावले होते आणि दोन्हीकडचे पतंग तो मोजत होता.

काम चोख होतं. फक्त ते संपत नव्हतं.

दर वर्षी हंगाम सरला की नयन म्हणायचा, "एवढ्या एका हंगामाचा डेटा अजून घेतो, मग लिहायलाच बसतो." पुढचा हंगाम यायचा, सापळे लागायचे, पतंग मोजले जायचे, आणि लिहायच्या वेळेला त्याला आठवायचं की पाऊस यंदा जरा वेगळाच पडला, तेव्हा आणखी एक वर्ष पाहिलेलं बरं. आळशी माणूस निदान झोप तरी काढतो. हा गडी राबराब राबून जागच्या जागी होता, आणि राबताना दिसणाऱ्या माणसाला 'तू काम टाळतोयस' असं म्हणायचं धाडस कोण करणार?

ते धाडस त्याच्या मार्गदर्शक झाडे मॅडमनी केलं. डिसेंबर संपता संपता त्यांचा फोन आला.

"नयन, ही शेवटची मुदतवाढ आहे. जानेवारीअखेर प्रबंध आला नाही तर नोंदणी रद्द होईल. आणि यापुढे तुझ्यासाठी भांडायला मीही नसेन, मार्चमध्ये मी निवृत्त होतेय. चौथं प्रकरण कुठवर आलं?"

"झालंच आहे, मॅडम. शेवटचा हात फिरवतोय."

चौथं प्रकरण म्हणजे निष्कर्ष. त्या फाईलमध्ये फक्त मथळा होता. मथळ्याचा टाईप मात्र नयननं तीनदा बदलून पाहिला होता.

एरवी हंगाम सरला की तो विद्यापीठातल्या रूमवर जायचा; या वेळी घरी निवांत लिहिता येईल म्हणून पिंपरखेड्यालाच राहिला. ओसरीत टेबल लावलं, लॅपटॉप उघडला, आणि त्याच क्षणापासून घरातली सगळी पडलेली कामं त्याला हाका मारू लागली. त्यानं दाराची कडी बसवली. आईला तुरीच्या शेंगा सोलून दिल्या. बाजूच्या गावच्या लग्नाला घरातून कोणी जायला नव्हतं, तर आपण होऊन गेला. एक दिवस त्याच्या आईला, विमलताईंना, स्वयंपाकघरातल्या सगळ्या डब्यांवर चिठ्ठ्या चिकटवलेल्या दिसल्या.

"हळदीच्या डब्यावर हळद लिहून ठेवली पोट्ट्यानं," त्या शेजारणीला म्हणाल्या. "मले का हळद ओळखू येत नाई?"

नयनला स्वतःलाही ते हास्यास्पद वाटत होतं. पण लॅपटॉपसमोर बसलं की छातीवर कोणी पाय दिल्यासारखं व्हायचं, आणि चिठ्ठी चिकटवली की तेवढ्यापुरता श्वास मोकळा व्हायचा. त्यामागे एक जुनी गोष्ट होती. संशोधनाच्या सुरुवातीला एका परिसंवादात त्यानं आपले पहिले आकडे मांडले होते. पुढच्या रांगेतल्या एका बड्या तज्ज्ञानं चष्मा पुसत विचारलं होतं, "यात नवीन काय? हे तर सगळ्यांना माहीतच आहे." सभागृह हसलं. नयनही हसला. रूमवर येऊन मात्र तो पालथा पडून राहिला. पुन्हा असं कोणी म्हणू शकणार नाही इतका खणखणीत निष्कर्ष हाती आल्याशिवाय तोंड उघडायचं नाही, असं त्यानं त्या दिवशी ठरवून टाकलं.

आणि खणखणीत निष्कर्ष येतच नव्हता. पऱ्हाटी उपटणाऱ्या गावांत पतंग कमी सापडत होते खरे, पण थोडेच कमी. शेजारच्या गावानं फरदड ठेवली की तिकडचे पतंग उडत इकडे येत. अळीला गावाची शीव कळत नाही. नयन दर वर्षी आशेनं मोजायचा, की एखादा हंगाम तरी साफ बोलेल. हंगाम दर वर्षी तेच पुटपुटत होता.

अशात कृषी सहायकानं त्याला गळ घातली, की गावात शेतकऱ्यांची बैठक आहे, तुम्ही चार शब्द बोला. लिहिणं टाळायला याहून चांगलं निमित्त काय हवं होतं? मारुतीच्या पारावर सतरंजी पडली आणि नयन बोलायला उभा राहिला. बोलायला तो पट्टीचा. हातात किडकं बोंड घेऊन, ते सगळ्यांसमोर फोडून, आतली गुलाबी अळी दाखवत त्यानं सभा रंगवली. "फरदड सोडा, पऱ्हाटी उपटा. पुढच्या वर्षी अळी शिवारात औषधालाही सापडणार नाही!"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात मागून लखन उठला. हा त्यांचा धुरेकरी, म्हणजे बांधाला बांध लागलेला शेजारी. जिभेला हाड नसलेला, पण मनानं वाईट नव्हता.

"नयनभाऊ, तुमचं सारं पटलं. पन आमाले उपटा म्हनता अन् बापूजीची पऱ्हाटी तं अजून नवरीवानी उभी हाये. डॉक्टरच्या घरीच पेशंट का?"

पार हसून लोटपोट झाला. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. नयनचे वडील बापूजी सतरंजीच्या कडेला बसले होते. ते टोपी सारखी करत उठले आणि वावराकडे चालू लागले.

नयनचे कान तापले होते. सभा कशीबशी आटोपून तो त्यांच्यामागे गेला. वावरात विमलताई वाल वेचत होत्या. बापूजी पऱ्हाटीच्या तासात, म्हणजे ओळीत, उभे होते आणि शेंड्यावरची हिरवी बोंडं बोटांनी चाचपत होते. धुऱ्यावर पलीकडच्या तांड्यावरचा खेमसिंग आपल्या बकऱ्या घेऊन थांबला होता. कापूस सरला की त्याच्या बकऱ्या या वावरात चरत, ही जुनी रीत. पण गेली काही वर्षं तो डिसेंबर-जानेवारीत यायचा, विचारायचा आणि परत जायचा.

"रामराम बापूजी. सोडू का आता?"

"थांब ना राजा. एक वेचा अजून होऊ दे."

"बरं," म्हणून खेमसिंगनं बकऱ्या वळवल्या. त्यालाही आता उत्तर पाठ झालं होतं.

नयनचा बांध फुटला. "बाबा, गावासमोर मले तोंड दाखवायची सोय ठेवली नाही तुमी! काय उरलं या पऱ्हाटीत? हे पाहा." त्यानं एक बोंड तोडून फोडलं. आत अळी होतीच. दुसरं फोडलं, तिथेही होती. "काहून उभी ठेवली तुमी हे?"

"सारे बोंडं तशे नसते," बापूजी खाली पाहत म्हणाले. "वरतं चांगले हायेत. एक वेचा निंघते."

"दर साली हेच म्हनता!"

"अन् तू काय म्हनतं?" बापूजींचा आवाज एकदम चढला. "तुहं पुस्तक काहून उभं हाये मंग? मॅडमचा फोन मीबी ऐकला होता. तू का म्हनला होता मांगच्या साली?"

"ते वेगळं हाये. मले अजून एका हंगामाचा..." नयन म्हणाला, आणि थांबला.

तिकडे वालाच्या वेलामागे विमलताई हसायला लागल्या. आधी पदर तोंडाला लावून, मग उघड उघड. "खाण तशी माती! बापाले एक वेचा पायजे, पोराले एक हंगाम पायजे. मी म्हनते, दोघंबी असेच उभे राहा वावरात. पाखरं तरी भेतीन."

त्या टोपली उचलून घराकडे निघाल्या. बापलेक तासात उभे राहिले. रागावलेल्या माणसाला कोणी हसलं की राग जास्तच भडकतो असं म्हणतात. नयनला मात्र एकदम थकवा आला. तो धुऱ्यावर जाऊन बसला. थोड्या वेळानं बापूजीही येऊन बसले.

"एक इचारू, बाबा?" नयननं विचारलं. "खरं सांगजा. वेच्यासाठी ठेवता का तुमी हे? त्यात तं काही निंघत नाही. तुमालेबी ठाव हाये."

बापूजींनी हातातलं बोंड धुऱ्यावर ठेवलं.

"ज्या साली अळीनं सारं खाल्लं, त्या साली म्या लवकर उपटली होती," ते म्हणाले. "वावर मोकळं दिसलं तसा ज्यानं त्यानं इचारलं. पारावर, टपरीवर, यष्टीत. बापूजी, कापूस किती झाला? बापूजी, किती झाला? सांगू काय लोकायले? जीभ जड व्हायची रे. उभ्या पऱ्हाटीले कोनी इचारत नाही किती झाला म्हनून. निंघून राह्यला अजून, म्हटलं की झालं. माणूस पुढं चालला जाते."

नयन त्यांच्याकडे पाहतच राहिला. बापाला तो हट्टी समजत होता, जुन्या वळणाचा समजत होता, शास्त्र न कळणारा समजत होता. बाप भ्यायलेला होता. आणि ती भीती नयनच्या इतकी ओळखीची होती की आपलंच कोणी बोलतंय असं त्याला वाटलं. प्रबंध उभा होता तोवर त्यालाही कोणी विचारत नव्हतं, की बाबा रे, एवढी वर्षं घालवलीस, निघालं काय?

"माह्यंबी तेच हाये," तो हळूच म्हणाला.

"तुले काय कमी पडलं? तू तं हुशार."

"निंघालं नाही, बाबा, म्हनावं तसं." आता बोलायला सुरुवात झालीच होती, तर नयननं ते सगळं ओकून टाकलं. "सभेत म्हटलं ना मी, अळी औषधालाही सापडणार नाही, ते खरं नाही. उपटली तं अळी कमी होते. पन थोडीच. बाजूच्यानं ठेवली तं तिकडून येतेच. साऱ्या शिवारानं मिळून उपटली तं बराच फरक पडन असं वाटते, पन तशी गावंच मले भेटली नाही, तं मी कोन्या तोंडानं सांगू? इतक्या वर्षांत मले एवढंच सापडलं. थोडीच."

त्याला वाटलं, आता बाबा म्हणतील, मग कशाला उपटायची? लोक हेच म्हणतील, तो तज्ज्ञ हेच म्हणेल, आणि एवढी उन्हातान्हातली वर्षं त्या एका शब्दात वाहून जातील.

बापूजींनी पुन्हा टोपी सारखी केली. "थोडी म्हंजे किती?"

"दहा बोंडं किडत असतीन तं सात-आठ किडतीन."

"म्हंजे दोन-तीन वाचते."

"हो."

"मंग हे सांगायले काय झालतं तुले? तू सभेत म्हनला ना, अळी सापडनार नाही, तवाच मले पटलं नाही. शेती करते मी. असं काही नसते. औषधवाले येते, बियाणंवाले येते, सारे असंच म्हनते, सारं जाईन, काही राहनार नाही. तू दोन वाचते म्हनतं, हे पटते मले." ते उठले, धोतराची माती झटकली. "दोन वाचत असतीन तं उपटू."

नयनच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. या पोराला लोकांनी टाळ्या खूप दिल्या होत्या, पण त्याच्या खऱ्या आकड्यावर विश्वास ठेवणारं माणूस त्याला पहिल्यांदा भेटलं होतं, आणि ते त्याच्याच घरात तंबाखू मळत बसलेलं होतं. अर्थात, तो आकडा आजवर त्यानं कोणाला सांगितलाच कुठे होता?

दुसऱ्या दिवशी सकाळी बापूजींनी मजूर सांगितले, पऱ्हाटी उपटायचे चिमटे काढले आणि खेमसिंगला निरोप धाडला. त्याचा आधी विश्वासच बसला नाही. खात्री करून घ्यायला तो स्वतः आला, बापूजींना विचारलं, मग नयनला विचारलं, आणि मगच बकऱ्या सोडल्या.

नयन ओसरीत टेबलाशी बसला. छातीवरचा पाय होताच, तो काही एका रात्रीत उठत नाही. पण आज त्यानं मथळ्याला हात लावला नाही. बापाला जे सांगितलं तेच त्यानं आधी जसंच्या तसं आपल्या बोलीत लिहून काढलं. 'उपटली तं अळी कमी होते. पन थोडीच.' त्याखाली मग इंग्रजीत जुळवत बसला. वाक्यं ओबडधोबड येत होती. एक तक्ता अपुरा होता, तो त्यानं अपुरा असल्याचं लिहून तसाच ठेवला. मध्येच त्याला वाटलं, मागच्या हंगामाच्या पावसाचे आकडे एकदा पुन्हा पडताळून पाहावेत, आणि बापूजींना पावसाच्या तारखा विचारायला तो उठून वावरात गेला.

वावरात पाहतो तर काय, सगळी पऱ्हाटी आडवी झालेली आणि विहिरीजवळची दोन तासं मात्र तशीच उभी. बापूजी शेजारी अवघडून उभे.

"हे काय?"

"हे राहू दे म्हटलं. विहिरीजवळचे बोंडं चांगले हायेत."

"बाबा!"

"तू काहून आला इकडं? झालं का लिहून?"

दोघं एकमेकांकडे पाहून ओशाळले. नयन आल्या पावली परत फिरला. पावसाचे आकडे जिथल्या तिथे राहिले.

ती दोन तासं शेवटी विमलताईंनी निकालात काढली. आपल्याकडे कापसाचा पहिला वेचा करण्याआधी बाई माणूस वावरात जाऊन सीतादही करते. धुऱ्यावर खडे मांडायचे, हळदकुंकू वाहायचं, पहिल्या झाडांवर दहीभात शिंपडायचा, आणि मग ओटीत पहिलं बोंड घ्यायचं. विमलताईंनी जानेवारीच्या अखेरीला दहीभाताची वाटी घेतली आणि वावराची वाट धरली.

"हे काय खूळ?" बापूजी म्हणाले. "सीतादही सुरू करायची असते."

"सुरू करायले दहीभात लागते, तं बंद करायले काहून नाई?" त्या म्हणाल्या. "म्हनूनच तुमचं काही संपत नाई. देवाले सांगतच नाई तुमी, संपलं म्हनून." त्यांनी शेवटच्या झाडांवर दहीभात शिंपडला, हात जोडले, आणि चिमटा नवऱ्याच्या हातात दिला. बापूजींनी मुकाट्यानं ती दोन तासं उपटली. उरलेला दहीभात विमलताईंनी घरी आणला आणि पानात वाढून ओसरीतल्या टेबलावर, लॅपटॉपच्या बाजूला ठेवला. नयननं तो खाल्ला, हात धुतले आणि एव्हाना लिहून झालेला, पण पाठवायचा राहिलेला प्रबंध मॅडमना पाठवून दिला.

संध्याकाळी त्यांचं उत्तर आलं. 'तक्ते कच्चे आहेत, भाषा सुधारावी लागेल. निष्कर्ष प्रामाणिक आहे. छापून घेऊन ये.'

मुदत संपायच्या आदल्या दिवशी तो विद्यापीठात जायला निघाला. त्याला पोचवायला बापूजी फाट्यापर्यंत आले. दोघं टपरीजवळ एसटीची वाट पाहत उभे होते. नयनच्या पाठीवरच्या बॅगेत छापलेल्या प्रती होत्या. परीक्षक काय म्हणतील, तोंडी परीक्षेत कोणी पुन्हा चष्मा पुसत तोच प्रश्न विचारेल का, हे त्याला अजून ठाऊक नव्हतं.

टपरीवरून लखनचा आवाज आला. "रामराम बापूजी! पाह्यलं म्या, वावर पार मोकळं केलं तुमी!"

"हो. केलं."

"मंग? कापूस किती झाला औंदा?"

टपरीवरच्या चार माना इकडे वळल्या. नयनला वाटलं, मध्ये पडावं, काहीतरी बोलून विषय बदलावा. पण त्यानं बापाच्या तोंडाकडे पाहिलं आणि तो जागचा हलला नाही. बापूजींनी टोपीला हात लावला नाही.

"कमी झाला," ते म्हणाले. "लय कमी."

लखन काही तरी खोचक बोलेल म्हणून सगळे थांबले होते. त्यानं हातातला चहाचा कप खाली ठेवला. मग बाकावर बाजूला सरकून त्यानं बापूजींना जागा करून दिली.

"माहाबी कमीच झाला, बापूजी," तो म्हणाला. "कोनाले सांगतलं नाही म्या अजून."

बापूजी त्याच्या शेजारी बसले. लखननं आणखी एक चहा सांगितला, आणि वळणावर यवतमाळची एसटी दिसली.